मोटारपंपाची ओळख

आमच्या घरात फ्रेंच फक्त मला येतं. येतं म्हणजे, नागपूरला कॉलेजात असताना मार्क बरे पडतात म्हणून मी तो विषय घेतला, मार्क बरे पडले आणि विषय संपला. एकाही फ्रेंच माणसाशी मी कधी एक वाक्य बोलले नव्हते. देवळीत राहून तशी वेळ येईल असं वाटण्याचं काही कारणही नव्हतं. आमच्याकडे लांबचा पाहुणा म्हणजे फार तर हैदराबादचा कापसाचा व्यापारी.

पण माझा मोठा भाऊ, सचिनदादा, फ्रान्समध्ये ल्यों शहरात नोकरीला लागला आणि तिथल्या एलोडी नावाच्या मुलीशी त्याने लग्न केलं. तिकडे सह्या करून मोकळे झाले. इकडे आईबाबांचं म्हणणं पडलं की सह्या ठीक आहेत, पण डोक्यावर अक्षता पडल्याशिवाय ते लग्न आम्हाला लग्न वाटत नाही. म्हणून जानेवारीत देवळीला पुन्हा लग्न ठरलं. एलोडी येणार, तिचे वडील झेरार येणार, आई मोनिक येणार. सगळं ठरल्यावर दादाने फोनवर हळूच सांगितलं की तिच्या आईवडिलांना इंग्रजी येत नाही.

"आपल्याले तरी कुठी येते?" बाबा म्हणाले. "बरं झालं. बराबरीचे पाव्हने भेटले."

बाबांचं नाव लक्ष्मणराव. वांगी, पालक आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या बाजूला कुणी नाही. बोलण्यात मात्र ते हात आखडता घेतात. दिवसभरात जितकं बोलतात त्यातलं निम्मं मोटारपंपाशी.

त्यांची कसर मधुकरकाका भरून काढतात. काका बाबांचे धाकटे भाऊ, शेजारच्याच घरात राहतात. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ज्याला त्याला कामाला लावणं हेच त्यांचं काम. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला. "आकांक्षा, तू वर्ग घे. इतक्या दुरून लोकं येऊन राह्यले, अन् आपन त्याइच्यासमोर नुसते दात दाखवत उभे राहाचं का? ज्याची त्यानं वळख करून द्याची. फ्रेंचमध्ये."

नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं असतं तर मला फ्रेंच किती येतं ते उघडं पडलं असतं.

तर रोज संध्याकाळी पालकाच्या जुड्या बांधून झाल्या की ओसरीत वर्ग भरायचा. विद्यार्थी चार. काका पहिल्या रांगेत. त्यांच्या शेजारी अण्णाजीमामा, म्हणजे आईचे भाऊ, जे लग्नाच्या कामाला म्हणून रोहण्याहून येऊन राहिले होते आणि मुख्यतः चहा पीत होते. बाबा खांबाला टेकून. आणि आई, हात पालकाने हिरवे झालेले, दाराच्या आत अर्धी, बाहेर अर्धी.

"झ मापेल आकांक्षा," मी म्हटलं. "म्हणजे माझं नाव आकांक्षा. आता काका तुम्ही."

"झ मापेल मधुकररावजी," काका म्हणाले. राव आणि जी दोन्ही स्वतःच लावून घेतले.

फ्रेंचमध्ये मोठ्यांना वेगळं 'तुम्ही' असतं हे ऐकून काका खूश झाले. "म्हंजे लोकं संस्कारी हायेत," ते म्हणाले. पण पुढच्याच मिनिटाला तो आनंद मावळला, कारण काका आणि मामा या दोघांना तिकडे एकच शब्द आहे हे त्यांना कळलं.

"मी ऑंक्ल अन् हा अण्णाजी बी ऑंक्ल?"

"वुई. म्हणजे हो."

"मी नवरदेवाचा सख्खा काका हाय!"

"मंग मी का रस्त्यावरून आलो काय?" मामांनी बशी खाली ठेवली. त्या दिवशीचा वर्ग तिथेच आटोपला. दुसऱ्या दिवशी दोघांनी आपापल्या सोयीने तोडगा काढला होता. काका स्वतःला 'ऑंक्ल नंबर एक' म्हणणार होते, आणि मामा त्यांच्या आधी बोलणार होते.

बाबांनी स्वतःचं नाव एकदा म्हटलं आणि शिक्षण पूर्ण झाल्यासारखे उठले. जाता जाता थांबले. "वांग्याले काय म्हनतात?"

"ओबेर्जीन."

"अन् 'हे पाहा' म्हनून दाखवाचं असलं तं?"

"वुआसी. हीच तर ओळख करून द्यायची पद्धत आहे, बाबा. वुआसी मा फाम, म्हणजे ही माझी बायको. मग एल सापेल, तिचं नाव अमुक. नवऱ्यासाठी मों मारी आणि इल सापेल."

"वुआसी," बाबा म्हणाले. पुढचं त्यांनी घेतलंच नाही. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं म्हटल्यावर त्यांचे कान लाल झाले आणि ते बाहेर पडले. ते आईला 'सचिनची माय' म्हणतात. दादा व्हायच्या आधी काय म्हणत असत कोण जाणे. बहुधा 'अवं'.

आणि आईने सगळ्यांची विकेट काढली. माझी आई देवकाबाई. तिने आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा घ्यायचं तर तोंडात पदर कोंबायची. ती दाराआडून म्हणाली, "वुआसी मों मारी. इल सापेल लक्ष्मणराव." गडबड नाही, अडखळणं नाही. काकांनी चष्मा काढून पुसला.

"वहिनी! नाव घेतलं तुमी!"

"फ्रेंचमधी घेतलं ना," आई म्हणाली. "देवाले थोडीच समजते."

मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, आता तुझं स्वतःचं सांग, ते तर सोपं आहे. आईने तोंड उघडलं. "झ मापेल..." आणि थांबली. हातातल्या पालकाच्या काडीकडे पाहत राहिली.

"देवका म्हना ना," काकांनी सुचवलं.

"देवका," आई म्हणाली, आणि चहा उतू जाईल म्हणून आत गेली. चुलीवर चहा नव्हता.

मी तापट आहे. माझा विद्यार्थी सगळ्यांत अवघड वाक्य म्हणतो आणि सोप्यात अडकतो, हे मला सहन होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी वांगी तोडत होतो तेव्हा मी तिला धारेवर धरलं. "काय झालं काल तुला? नाव विसरलीस?"

"दोन हायेत ना," आई म्हणाली. "कोनतं सांगावं समजलं नाई."

मी टोपली खाली ठेवली.

"रोहण्याले माह्यं नाव पंचफुला होतं. इथं लग्न होऊन आली तं तुह्या बाबाच्या काकूचं नाव बी पंचफुला. एका हाकेले दोघी धावल्या तं काम कोन करीन? म्हनून बदलवलं. पाटावर बसवलं, ताटात तांदूळ पसरले, अन् सचिनच्या बाबानं अंगठीनं देवका लिहिलं. झालं."

सव्वीस वर्षं मी या बाईच्या पोटची मुलगी, आणि मला हे ठाऊक नव्हतं. आमच्याकडे नव्या सुनेचं नाव तांदळात बदलतात हे मी शंभर लग्नांत पाहिलं होतं, टाळ्या वाजवून पेढेही खाल्ले होते. पण पुसलेलं नाव कुठे जातं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

"मामा काय म्हणतात तुला?"

"थो 'बाई' म्हनते. माय होती तोवर माय म्हने पंचफुला. आता कोनी नाई राह्यलं." तिने एक वांगं देठापासून मोडलं आणि टोपलीत टाकलं. "आकांक्षा, एक इचारू? थ्या मोनिकबाईले मी पंचफुला सांगतलं तं चालन का? तिले काय फरक पडते? तिच्यासाठी दोन्ही सारखे. पन कोनी एकडाव तरी त्या नावानं बोलावलं पाह्यजे. कानावर पडलं पाह्यजे बस."

"चालेल म्हणजे? तुझं नाव आहे. कोण अडवतं?"

"अडवत कोनी नाई," आई म्हणाली. "पन सारे असतीन तिथं. भाऊजी हासतीन. अन् ह्याइनंच लिहिलेलं नाव ह्याइच्याच समोर मी कशी खोडू? तुह्या बाबाले वाईट वाटलं तं?"

मी तिला शपथ घातली. झेरार-मोनिकसमोर ती 'झ मापेल पंचफुला' म्हणणार म्हणजे म्हणणार. आम्ही वांग्याच्या वाफ्यात उभ्या राहून तालीम केली. पहिल्या वेळी तिचा आवाज इतका बारीक निघाला की मीच पुन्हा विचारलं. चौथ्या-पाचव्या वेळी पलीकडच्या धुऱ्यावरचा, बांधावरचा, बगळा उडाला. ती हसली. मला माझ्या आईचा इतका राग आला की तिला मिठी मारावीशी वाटली, आणि मारली.

त्याच संध्याकाळी काका पेढ्यांचा नमुना-डबा घेऊन आले. झाकणावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं: सचिन आणि फाल्गुनी.

"फाल्गुनी कोण?" मी विचारलं.

"सूनबाई," काका म्हणाले. "फ्रान्सची म्हनून फाल्गुनी. फ वरून फ. एलोडी काय नाव हाय का? बोलताना जीभ मुरगळते."

"काका, तिला विचारलं का?"

"इचाराचं काय त्यात? रीत हाय. तुह्या मायले कोनी इचारलं होतं?"

आई सांभार निवडत होती. तिने मान वर केली नाही. मी दादाला फोन लावला. तो म्हणाला, एक दिवसाचं तर आहे गं, तिला मी तांदळाचा एक खेळ असतो असं सांगून ठेवलंय, काकांना कशाला दुखवायचं. मी त्याला दोन-चार गोष्टी सुनावल्या, त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत, आणि फोन आपटला. पाहुणे दोन दिवसांवर आले होते.

पाहुणे आले ते दुपारी. काकांनी अंगणात व्याहीभेटीसाठी आमची माणसं मानानुसार रांगेत उभी केली होती. आपल्याकडे वडिलांना वडील भेटतात, काकाला काका, मामाला मामा. हार घालतात, गळाभेट होते. पण त्यांच्याकडून पुरुष आला होता एकच. मग झेरार बिचारे वडील म्हणून बाबांना भेटले, काका म्हणून काकांना भेटले आणि मामा म्हणून अण्णाजीमामांना भेटले. मामांनी त्यांना रिवाजाप्रमाणे कमरेत धरून उचललं. झेरार उंच, मामा आडवे. झेरारचे पाय जमिनीवर परत लागेपर्यंत मोनिक तोंडावर हात ठेवून उभी होती.

मग ओळख सुरू झाली. मी कधी विसरणार नाही. काका पुढे सरसावले आणि खड्या आवाजात म्हणाले, "बोंझूर! झ मापेल मधुकररावजी!" त्याच क्षणी झेरारनी हात जोडले आणि तितक्याच खड्या आवाजात म्हणाले, "राम राम! माह्यं नाव झेरार हाय!"

दोघेही चाट. काकांना वाटलं ते फ्रेंच बोलले, त्यामुळे त्यांना काही कळलं नाही. झेरारना वाटलं काका मराठी बोलले. दादाने तिकडे एलोडीला, आणि एलोडीने आईवडिलांना, आमची बोली शिकवली होती. तेही रोज संध्याकाळी वर्ग भरवत होते म्हणे. पाच मिनिटं आमचे लोक फ्रेंच आणि त्यांचे लोक वऱ्हाडी बोलत राहिले, कुणालाच काही समजेना, आणि सगळे खूश होते.

मोनिक आईसमोर आली. गुटगुटीत, आईएवढीच, कपाळावर कुणीतरी लावलेलं कुंकू नाकापर्यंत आलेलं. "राम राम, बाई," ती म्हणाली. "माह्यं नाव मोनिक हाय. तुमचं?"

मी मागून आईच्या पाठीला बोट टोचलं. आईने श्वास घेतला. डावीकडे काका होते, उजवीकडे बाबा.

"झ मापेल," आई म्हणाली. "देवका."

मी कपाळावर हात मारला. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

अजून आशा बाबांची होती. घरधनी म्हणून बायकोची ओळख त्यांनी करून द्यायची, हे वर्गात ठरलं होतं. बाबा खाकरले. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. त्यांचे कान लाल झाले. "चला," ते झेरारना म्हणाले, "वावर दाखवतो."

आणि वावरात त्या माणसाची जीभ सुटली. "वुआसी ओबेर्जीन," बाबा म्हणाले, आणि काटेरी देठाचं जांभळं वांगं व्याह्याच्या तळहातावर ठेवलं. झेरारनी ते दोन्ही हातांनी घेतलं. "वुआसी पालक. वुआसी सांभार. वुआसी गाय." गाय गाभण होती, तेही त्यांनी हातवारे करून सांगितलं. विहिरीची ओळख झाली, विहिरीच्या शेजारच्या बाभळीची झाली. मग ते पंपाच्या खोलीपाशी आले, दार उघडलं आणि आवाज मऊ करून म्हणाले, "वुआसी मोटारपंप."

झेरार उभा जन्म मेकॅनिक होते. त्यांनी बाह्या सारल्या. दोघे व्याही उकिडवे बसले, झाकण उघडलं गेलं, आणि पुढचा अर्धा तास त्यांना दुभाष्याची गरज पडली नाही. आई पाण्याचा तांब्या घेऊन आली. बाबांनी तिच्या हातून तांब्या घेतला, व्याह्याला दिला, आणि पुन्हा पंपाकडे बोट दाखवून काहीतरी सांगू लागले. आई थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग रिकामा तांब्या उचलून निघाली.

मला राहवलं नाही. "बाबा! मोटारपंपाची ओळख झाली, आईची कुठे गेली?"

"तिची काय करून द्याची?" बाबांना खरंच नवल वाटलं. "सचिनची माय हाय, पाहूनच समजते."

रात्रीच्या जेवणाला भरीत होतं. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत आई आणि मोनिक शेजारी शेजारी बसल्या, बोटं पोळवत सालं काढू लागल्या. बोलायला शब्द नव्हते, तरी मोनिक हसत होती आणि आईही हसत होती. मी जवळ जाऊन कुजबुजले, आता सांग, इथे कुणी नाही. आई म्हणाली, "जाऊ दे ना. देवकाच बरं हाय. इतके वर्स चाललं." तिने धुरामुळे डोळे पुसले. धूर दुसऱ्या बाजूला जात होता. मला तेव्हा इतकं वाईट वाटलं की मी पोटभर भरीत खाल्लं आणि कुणाशी बोलले नाही.

लग्न लागलं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, एलोडी नऊवारीत दोनदा पाय अडकून पडता पडता वाचली आणि दोन्ही वेळा स्वतःच आधी हसली. मुलगी मला आवडली. संध्याकाळी ती माप ओलांडून घरात आली आणि ओसरीत पाट मांडले गेले.

दादा आणि एलोडी पाटावर बसले. समोर पितळेचं ताट, त्यात तांदूळ सपाट पसरलेले. ताट वरमाईने धरायचं, म्हणून आई बसली होती. भोवती सगळी मंडळी, काका सूत्रधार. पेढ्यांचे डबे त्यांच्या मागे भिंतीला लावून रचलेले.

"लिही," काका दादाला म्हणाले. दादाने माझ्याकडे न बघता बोटातली अंगठी काढली आणि तांदळात लिहिलं: फाल्गुनी. टाळ्या पडल्या. एलोडीनेही वाजवल्या, तिला वाटलं खेळ चांगला झाला.

"आता सूनबाई सांगतीन नाव," काका म्हणाले, आणि वाकून अगदी सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "बेटा, तुह्यं नाव काय?"

प्रश्न तिच्या ओळखीचा होता. ल्योंच्या स्वयंपाकघरात तिने तो कितीदा घोकला असेल. ती ताठ बसली आणि पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणाली, "माह्यं नाव एलोडी हाय. तुमचं?"

'तुमचं' म्हणताना ती वळली, जी व्यक्ती समोर होती तिच्याकडे. समोर आई होती.

लोक हसले. काकाही हसले. "नाई नाई, फाल्गुनी म्हनाचं. फाल्‌. गु. नी." एलोडीचं हसू जरा बावचळलं. तिने दादाकडे पाहिलं, दादाने तिच्या कानात काहीतरी सांगितलं, बहुधा पहिल्यांदाच खरं. तिने ताटाकडे पाहिलं. मग छातीवर हात ठेवून, कुणाची तरी चूक दुरुस्त करावी तसं हळूच म्हणाली, "एलोडी." आणि पुन्हा आईकडे वळून, कारण उत्तर अजून आलं नव्हतं, "तुमचं?"

आईने ताट दोन्ही हातांनी उचललं आणि धान्य पाखडताना देतात तसा एक झटका दिला. तांदूळ सपाट झाले. फाल्गुनी गेली.

"वहिनी!" काका ओरडले.

"तिचं नाव तिच्यापाशी राहू द्या, भाऊजी," आई म्हणाली. "घेऊन आपन काय करतो? आपल्याही कामी येत नाई, अन् तिच्याही हातून जाते."

"रीत हाय ती! तुमचं नाई बदलवलं?"

"बदलवलं. म्हनूनच सांगून राह्यली." आईने ताट मांडीवर ठेवलं. तिने एलोडीकडे पाहिलं, मग तिच्या मागे उभ्या असलेल्या मोनिककडे, आणि बगळा उडाला होता त्या आवाजात म्हणाली, "झ मापेल पंचफुला."

"कोन पंचफुला?" काकांना काही उमगेना.

भिंतीशी बसलेले अण्णाजीमामा, ज्यांना मी कधी मिठाई संपल्याशिवाय हळवं झालेलं पाहिलं नव्हतं, ते उपरण्यात तोंड घालून हमसाहमशी रडायला लागले. "माय म्हने तिले," ते मध्येच म्हणाले. "माह्यी माय म्हने."

मोनिकला यातलं काय कळलं ते मला माहीत नाही. पण ती खाली बसली, आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "आंशांते, पंचफुला." भेटून आनंद झाला. 'ळ' नाही, 'ण' नाही, नावात तिला अडवणारं एकही अक्षर नव्हतं. ते सरळ आईच्या कानावर पडलं. आईचा चेहरा रोहण्याच्या कुठल्याशा पोरीचा झाला. ती पोर मी आधी पाहिली नव्हती.

मग मी बाबांकडे पाहिलं. आईही पाहत होती. देवका हे त्यांनी लिहिलेलं नाव होतं.

बाबा खांबाला टेकून उभे होते, शेजारी झेरार टोपी घालून. बाबांचे कान लाल होते. ते खांबापासून सुटले, व्याह्याच्या दंडाला धरून त्यांना पुढे आणलं, ताटापर्यंत, आणि खाकरले. शिकवलं तेव्हा हा माणूस उठून गेला होता, असं मी समजत होते. उठून तो फक्त ओसरीच्या पायरीपर्यंत गेला असावा.

"वुआसी," बाबा म्हणाले, "मा फाम." घाम पुसला. "एल सापेल... पंचफुला."

टाळ्या कुणी आधी वाजवल्या ठाऊक नाही. काका एकटेच डब्यांकडे बघत उभे होते. "आता ह्या डब्याइचं काय कराचं?" ते म्हणाले. बाबांनी तोही प्रश्न सोडवला. आठवड्याने गाय व्याली, कालवड झाली. तिचं नाव फाल्गुनी ठेवलं, आणि सगळे पेढे तिच्या नावाने वाटले. ती हाकेला येते, काकांच्या तर विशेष.

पण मला सांगायची आहे ती लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. पाहुणे झोपले होते. आम्ही वावरात होतो, कारण लग्न झालं म्हणून पालक थांबत नाही. आई वाकून जुड्यांसाठी पालक कापत होती, मी तिच्या मागे. पंपाच्या खोलीपाशी बाबा पान्हा शोधत होते.

"पंचफुला!" बाबांनी हाक मारली.

आई कापतच राहिली. तिला वाटलं असेल, कुणा दुसरीला बोलावतायत.

"अवं पंचफुला! पान्हा कुठी ठेवला?"

विळा थांबला. आईने हळूच मान वर केली, आधी इकडे पाहिलं, मग तिकडे. वाफ्यात तिसरं कुणी नव्हतं. मी हसू दाबून पालकात तोंड घातलं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, पदर सारखा केला आणि साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडली,

"वुई!"

पान्हा तिच्याच टोपलीत होता. तो तिने लगेच दिला नाही. बाबांना आणखी एकदा हाक मारायला लावली.